दोन स्पार्क प्लग आणि ‘सहज सुचले असते’चा खटला

१/ जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांतला मुरलेला मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकूनच बिघाड ओळखतो. अशा जाणकाराला जे सहज सुचले असते, त्यावर पेटंट मिळू नये, असे कायदा सांगतो. पण ते ठरवायचे कसे? याच प्रश्नावर महाराष्ट्रातील एक कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

२/ आकुर्डीच्या बजाज ऑटोने १६ जुलै २००२ रोजी अर्ज केला आणि २००५ मध्ये पेटंट क्र. १९५९०४ मिळवले. कल्पना अशी: लहान सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एकाच बाजूने ठिणगी पडल्यास ज्योत दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत वेळ जातो. दोन्हीकडून पेटल्यास इंधन लवकर आणि पुरते जळते. पल्सरवरचे ‘डीटीएस-आय’ ते हेच.

३/ २००७ मध्ये टीव्हीएसने दोन प्लगची ‘फ्लेम’ जाहीर केली आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. टीव्हीएस म्हणे, दोन प्लग जुनेच, होंडाच्या अमेरिकी पेटंटातही आहेत. शिवाय आमच्या इंजिनाला झडपा तीन. बजाज म्हणे, इतक्या लहान सिलिंडरात ते साधणे हाच शोध.

४/ फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायाधीशांनी टीव्हीएसला मनाई केली. मे २००९ मध्ये अपिलात खंडपीठाने ती मनाई उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीस मुभा दिली, मात्र हिशेब ठेवण्यास आणि खटला लवकर निकाली काढण्यास सांगितले.

५/ कसोटी आधीच घडलेली होती. मिर्झापूरच्या भांडी-कारखानदारांच्या वादात, लेथवर भांडे धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये अमान्य ठरवले. कारखान्यातली नेहमीची सुधारणा पेटंटाला पुरेशी नाही, हा त्याचा आशय.

६/ खरी अडचण काळाची आहे. उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडे सोपे वाटते. म्हणून न्यायाधीशाला अर्जाच्या दिवसात परतावे लागते: त्या तारखेला जाणकाराच्या हाती काय होते? पुढचे सारे विसरून मागचे पाहणे, हे तर इतिहासाच्या अभ्यासकाचेच काम.

७/ २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. त्यामुळे या दोन प्लगांबाबत ‘सहज सुचले असते का?’ याचा अंतिम निवाडा झालाच नाही. आज बिघाड ओळखणाऱ्या यंत्रांच्या पेटंटांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो: अनुभवी कानाला जे कळते तेच यंत्राने केले, की त्यापलीकडचे काही?