हिस्लॉप म्हणजे नेमकं काय?

नागपुरात ‘मी हिस्लॉपला आहे’ म्हटलं की कॉलेज कळतं. पण हे आडनाव आलं कुठून? जुन्या इंग्रजीत ‘हेझल’ हे झाड आणि ‘होप’ म्हणजे डोंगरांत दडलेली दरी. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या अशा दरीतले ते हिस्लॉप. आपल्याकडे पिंपळगावकर असतात ना, तसंच!

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा काढली, इथले दगड, जीवाश्म, गोंडी बोली अभ्यासली. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटहून परतताना पुराच्या नाल्यात बुडाले. वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांच्या नावानं कॉलेज उभं राहिलं. त्या दूरच्या दरीचं नाव आता नागपूरकरांच्या तोंडी आहे.

तुमच्या आडनावात कोणतं गाव लपलंय? आज आजीला विचारा!