गंमत म्हणून डोंगर

नोंदणीच्या फॉर्मवर एक ड्रॉपडाऊन होता. 'आपण का भाग घेत आहात?' पर्याय तीन : फिटनेस, समाजकार्य, फन. मी काहीही विचार न करता 'फन' निवडलं आणि पैसे भरून मोकळा झालो. माणशी साडेतीन हजार. शिवाय चौघांच्या टीमने मिळून पन्नास हजार रुपये देणगी गोळा करायची, ती मुळशीकडच्या जिल्हा परिषद शाळांच्या पाण्याच्या टाक्यांसाठी. अंतर ५० किलोमीटर, जवळजवळ सगळं डोंगरातून, वेळ २४ तास. आणि एक अट, ठळक अक्षरांत : चौघांनी एकत्र निघायचं, प्रत्येक चेकपोस्टवर एकत्र पोचायचं आणि एकत्रच संपवायचं.

आम्ही चौघे एकाच प्रोजेक्टवरचे. एकत्र डेडलाईन चुकवायचा दांडगा अनुभव, त्यामुळे अटीचं काही वाटलं नाही :-)

सराव म्हणून मी पाठीवर दहा लिटर पाणी घेऊन सोसायटीचे अकरा मजले चढू-उतरू लागलो. तिसऱ्या दिवशी आमच्या नेपाळी वॉचमनने जिन्यात अडवलं. "साब, लिफ्ट बंद है क्या?" मग त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसा कितना मिलेगा?" म्हटलं, मिलेगा नहीं, दिया है. तो इतका हसला, इतका हसला, की पायरीवर बसला बिचारा.

मलाही हसू आलं, पण मग ते डोक्यातून जाईना. ही 'चौघांनी एकत्र' भानगड कुणाच्या डोक्यातून आली असेल म्हणून त्या शनिवारी शोधत बसलो, आणि पोचलो थेट हाँगकाँगला. आणि गंमत बघा, तिथेही गुरखेच भेटले.

हाँगकाँग म्हटलं की आपल्याला फक्त उंच इमारती दिसतात. प्रत्यक्षात तिथे डोंगरच डोंगर आहेत, आणि त्यातला मोठा भाग राखीव निसर्गउद्यानांत मोडतो. त्या वेळचा ब्रिटिश गव्हर्नर मरे मॅक्लहोज स्वतः डोंगर भटकणारा. त्याच्या नावाने १९७९ साली १०० किलोमीटरची एक पायवाट सुरू झाली : मॅक्लहोज ट्रेल. पूर्वेच्या साई कुंग भागातून निघायचं, हाय आयलंड जलाशयाला वळसा घालून किनाऱ्यावरून डोंगरात शिरायचं, लायन रॉक, नीडल हिल करत ताई मो शान हा हाँगकाँगमधला सर्वांत उंच डोंगर (९५७ मीटर) पार करायचा आणि पश्चिमेला त्युएन मुनला उतरायचं. एकूण चढ साडेचार हजार मीटरहून जास्त. म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड एका दमात सात-आठ वेळा. दही-ताक न पिता.

हाँगकाँगमध्ये तेव्हा ब्रिटिश सैन्याच्या गुरखा पलटणी होत्या. चीनच्या सीमेवर गस्त घालणं हे त्यांचं मोठं काम, कारण सत्तरच्या दशकाच्या शेवटी चीनमधून लोंढेच्या लोंढे लपूनछपून येत होते. रात्री-अपरात्री डोंगर तुडवायचा, तोही ओझं घेऊन, हा त्यांचा रोजचा धंदा. १९८१ मध्ये क्वीन्स गुरखा सिग्नल्स या त्यांच्या संदेशवहनाच्या रेजिमेंटने ही नवी वाट सरावासाठी घेतली. चौघांची तुकडी, १०० किलोमीटर, सलग. नाव दिलं ट्रेलवॉकर. चौघांनी एकत्र पोचायचं ही अट इथली. लष्करात एक जण मागे राहिला आणि तिघे पोचले याला पोचणं म्हणत नाहीत, इतका साधा हिशोब. आमच्या फॉर्मवर तो 'टीम स्पिरिट' या मथळ्याखाली आला होता.

१९८६ मध्ये ही शर्यत सामान्य नागरिकांना खुली झाली आणि ऑक्सफॅम हाँगकाँग ही मदतसंस्था संयोजनात आली. चौघांनी ४८ तासांत १०० किलोमीटर करायचे, त्याआधी ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या गोळा करायच्या. 'मी एवढा जीव काढतोय, तू निदान पैसे तरी दे' हा युक्तिवाद फार परिणामकारक असतो (आमच्या मॅनेजरने पाच हजार दिले, केवळ मला त्रास होणार या आनंदात). पुढे ही कल्पना ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान करत फिरली आणि २०१२ मध्ये भारतातही आली. आमची शर्यत ती नव्हे, पण नियम बघितले की कुठून उचललेत ते लगेच कळतं.

पण गुरख्यांचं डोंगरावर पळणं १९८१ मध्ये सुरू झालं नाही. त्याच्या मागे आणखी नव्वद वर्षं जावं लागतं.

चार्ल्स ग्रॅनव्हिल ब्रूस नावाचा एक ब्रिटिश अधिकारी १८८९ मध्ये पाचव्या गुरखा पलटणीत दाखल झाला. धिप्पाड गडी. आपल्या ऑर्डर्लीला पाठुंगळी घेऊन डोंगर चढायचा असं सांगतात. हाच ब्रूस पुढे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा प्रमुख झाला. लष्करात हाफ पँट आणण्याचं श्रेयही त्यालाच देतात, कारण डोंगरावर पळताना लांब विजार पायात येते. या ब्रूसने आपल्या जवानांना डोंगरावर पळायच्या शर्यतींची चटक लावली. खड रेस. खड म्हणजे आपल्याकडची दरी, घळ, तीव्र उतार. शर्यतीत कौतुक चढण्याचं नाही, उतरण्याचं. चढताना दम लागतो, उतरताना जीव जातो. गुरखे दगडधोंड्यांच्या उतारावरून अक्षरशः उड्या मारत खाली यायचे.

या पलटणीत हरकबीर थापा नावाचा एक जवान होता. १८९२ मध्ये काराकोरममध्ये कॉन्वेच्या मोहिमेबरोबर तो पायोनियर पीकवर जाऊन आलेला. १८९९ मध्ये ब्रूस त्याला स्कॉटलंडला, स्काय बेटावर घेऊन गेला. तिथे स्लिगाहानच्या हॉटेलसमोर ग्लामेग नावाचा डोंगर आहे. उंची ७७५ मीटर, पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि वरचा सगळा भाग घसरणाऱ्या दगडांचा. हरकबीर पळत वर जाऊन खाली आला. तिथल्या जमीनदाराचा, मॅक्लाऊडचा, यावर विश्वासच बसेना. शक्यच नाही म्हणाला. मग हरकबीर परत पळाला, पहिल्यापेक्षाही वेगात. हॉटेल ते हॉटेल ५५ मिनिटं. चढायला ३७, उतरायला १८. अनवाणी.

हे वाचून मी आकडे मांडले. मला सिंहगड चढायला पाठीवर काही नसताना एक तास लागतो. चांगले बूट घालून. आणि ग्लामेग म्हणजे सव्वा सिंहगड. त्या डोंगरावर आजही हरकबीरच्या वाटेने शर्यत होते.

हरकबीर ते कशासाठी पळाला असेल? साहेबाने सांगितलं म्हणून? का जमीनदाराला दाखवायचं होतं म्हणून? का खरंच मजा आली म्हणून? दुसऱ्यांदा तो आणखी वेगात पळाला, त्यावरून मला वाटतं की शेवटची दोन कारणं असणार. पण हे माझं वाटणं. जी काही कागदपत्रं आहेत ती साहेबांनी लिहिलेली. हरकबीरच्या ड्रॉपडाऊनमध्ये कुठला पर्याय होता हे कुणी विचारलेलं नाही.

१९४७ मध्ये गुरखा रेजिमेंटांची वाटणी झाली. दहापैकी सहा भारताकडे, चार ब्रिटनकडे. हरकबीरची पाचवी आपल्याकडे आली. ब्रिटनकडे गेलेल्यांनी मलाया, बोर्निओ लढवलं. १९६६ मध्ये बोर्निओचा संघर्ष थांबला आणि ब्रिटनने खर्चकपात काढली. चौदा-पंधरा हजारांची ब्रिगेड काही वर्षांत निम्म्याच्या आसपास आणली. आमच्या भाषेत लेऑफ. मेख अशी की, पेन्शनला किमान पंधरा वर्षं नोकरी लागायची. दहा वर्षं, बारा वर्षं डोंगर तुडवलेले लोक थोडीफार एकरकमी रक्कम घेऊन नेपाळच्या डोंगरात परत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी पाठवलेल्या हजारोंचीही हीच गत. त्यांचे हाल थोडेतरी कमी व्हावेत म्हणून १९६९ मध्ये गुरखा वेल्फेअर ट्रस्ट उभा राहिला. सरकारची पेन्शन नाही, म्हणून देणग्यांतून महिन्याची मदत.

१९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेलं, गुरखे ब्रिटनला हलले. ट्रेलवॉकर हाँगकाँगमध्ये ऑक्सफॅमने चालू ठेवला आणि गुरख्यांनी इंग्लंडच्या साउथ डाउन्समध्ये त्याच वर्षी दुसरा सुरू केला. तिथल्या देणग्यांचा एक वाटा ऑक्सफॅमला आणि एक या गुरखा वेल्फेअर ट्रस्टला. म्हणजे नोकरीतले गुरखे १०० किलोमीटर चालणार, त्यांच्यासोबत लंडनमधले आमच्यासारखे लोक हौसेने चालणार, आणि जमलेल्या पैशातून पेन्शन न मिळालेल्या म्हाताऱ्या गुरख्यांना मदत. इथे मी लॅपटॉप बंद करून चहा करायला उठलो.

(२००९ मध्ये ब्रिटिश संसदेत या प्रश्नावर सरकारचा चक्क पराभव झाला आणि १९९७ आधी निवृत्त झालेल्या गुरख्यांना तिथे राहायचा हक्क मिळाला. जुन्या पेन्शनमधली तफावत मात्र २०१६ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही मान्य झाली नाही.)

आणि आपल्याकडे? मराठीत गुरखा म्हणजे काठी आपटत, शिट्टी मारत फिरणारा रात्रीचा माणूस. लहानपणी आमच्या गल्लीत एक तारखेला यायचा, आई वीस रुपये द्यायची. आमच्या सोसायटीतल्याला सगळे 'बहादूर' म्हणतात. मीही म्हणत होतो. ते त्याचं नाव नाही हे मला पाच वर्षांनी कळलं. रविवारी खाली जाऊन नाव विचारलं, गाव विचारलं. बागलुंगकडचा. ब्रिटिश भरतीचं विचारल्यावर एकदम सावरून बसला. त्याचा चुलतभाऊ दोनदा पोखऱ्याला गेला होता. हजारो पोरं येतात, काही शेकडा घेतात. तिथे डोको रेस असते. डोको म्हणजे बांबूची टोपली, पट्टा कपाळावर. आत २५ किलो वाळू, आणि पाचेक किलोमीटर चढ पाऊण तासाच्या आसपास पळत चढायचा. भाऊ दुसऱ्या वेळी अगदी थोडक्यात हुकला. आता कतारला आहे. "आप का बॅग कितना किलो?" त्याने विचारलं. दहा म्हटलं. मान हलवली, मात्र या वेळी हसला नाही.

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिले वीस किलोमीटर फोटो काढत गेले. दुपारी उन्हाने पार भाजून काढलं. ३१ व्या किलोमीटरला एका घळीतून उतरताना आमच्यातल्या एकाचा गुडघा गेला. चढाला ठीक, उताराला रडकुंडीला. अजून एकोणीस किलोमीटर. रात्रीचे साडेनऊ. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी जीपने येतो. पण मग टीम बाद. देणगी जमा झालेलीच होती, ती काही परत जाणार नव्हती. म्हणजे खरं तर थांबलं असतं तरी टाक्या बसल्याच असत्या. मी हे बोलूनही दाखवलं. तिघे माझ्याकडे असे बघायला लागले की विचारू नका.

मग त्याची बॅग आम्ही वाटून घेतली, दोघांच्या काठ्या त्याला दिल्या आणि प्रत्येक उतार तो मागे तोंड करून, आमच्या खांद्यांना धरून उतरला. एका तासात जेमतेम तीन किलोमीटर. हेडलॅम्पच्या उजेडात समोर फक्त पुढची दोन पावलं दिसायची. मला मध्येच हरकबीरची १८ मिनिटं आठवली आणि मोठ्याने हसू फुटलं. बाकीच्यांना वाटलं मला चढली. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही पोचलो. मुदत पाचची होती.

सोमवारी ऑफिसला जाताना गेटवर लंगडत आलो. तो खुर्चीवरून उठला, माझ्या गळ्यातलं पदक (हो, घालून निघालो होतो) हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

"चारों आए?"

"हां, चारों."

"पीतल है?" असं विचारून तो नखाने खरवडून बघतोय, तेवढ्यात मागून कुणीतरी जोरात हॉर्न मारला आणि तो गेट उघडायला गेला.