दाढीचे सामान आणि ओल : कोथरूडच्या घरांतला बदल

दाढीचे सामान बाथरूममध्ये ठेवण्याची पद्धत कोथरूडमध्ये दोन-तीन पिढ्यांहून जुनी नाही. मृत्युंजयेश्वराचे देऊळ, गावठाण आणि भोवतालची शेते एवढेच जेव्हा कोथरूड होते, तेव्हा बहुतेक घरांत असे सामानच नसे. ते गावच्या न्हाव्याकडे असे. बलुतेदारीत न्हावी घरोघरी जाऊन, नाहीतर पारावर बसून हजामत करी आणि त्याचे बलुते सुगीला धान्याच्या रूपाने मिळे.

न्हाव्याची हत्यारे राहत धोकटीत. चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या या पिशवीत वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढायची नराणी, हातात मावणारा आरसा, पाण्याची वाटी, धार लावायचा निसणा आणि वस्तरा घासायचा चामड्याचा पट्टा असे. वस्तऱ्याचे पाते साध्या पोलादाचे. पाण्याचा एक थेंब रात्रभर राहिला तरी त्यावर तांबूस ठिपका उठे आणि धारेवरचा तो ठिपका दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या गालावर ओरखडा काढी. म्हणून काम झाले की वस्तरा पुसायचा, पट्ट्यावर फिरवायचा, पात्याला तेलाचे बोट लावायचे, मुठीत मिटवायचा आणि फडक्यात गुंडाळायचा. दिवसभर पाण्यात भिजणारे हत्यार मुक्कामाला मात्र कोरड्यातच असे. दसऱ्याच्या सुमारास, पावसाळा सरता सरता, खंडेनवमीला हत्यारे घासूनपुसून पुजली जात. त्या पूजेमागची श्रद्धा वेगळी, पण चार महिन्यांची ओल झाडून काढायला याहून चांगला मुहूर्त सापडला नसता. संत सेना न्हावी यांच्या अभंगात विवेकाचा आरसा आणि वैराग्याचा चिमटा येतो, तो याच धोकटीतून.

घरच्या घरी दाढी करण्याचे युग सेफ्टी रेझरने आणले. अमेरिकेतल्या किंग कॅम्प जिलेटच्या कंपनीने १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर विकले. १९०४ मध्ये पेटंट मिळाले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना रेझर पुरवले गेल्यावर रोज स्वतः दाढी करण्याची सवय झपाट्याने पसरली. भारतात ती आधी शहरांतल्या नोकरदारांनी उचलली. पुढे कोलकाता आणि ठाणे इथे मल्होत्रा कुटुंबाच्या कारखान्यांत निघणारी देशी ब्लेडे घराघरांत पोचली.

सामान घरात आले, पण न्हाणीघरात गेले नाही. वाड्यातले न्हाणीघर अंधारे आणि सदा ओले. तिथे बंब, घंगाळ आणि तांब्या यांचे राज्य. दाढीला उजेड लागे, म्हणून ती ओसरीवर किंवा खिडकीपाशी होई. गजाला नाहीतर खिळ्याला टांगलेला आरसा, पेल्यात बंबातले गरम पाणी, मांडी घालून बसलेला माणूस. दाढी उरकली की रेझर उघडून पाते पुसायचे, ब्रश झटकायचा, तुरटी वाळू द्यायची आणि सगळे पत्र्याच्या डब्यात घालून डबा कोनाड्यात किंवा फडताळात ठेवायचा. मुलांचे हात पोचू नयेत म्हणून तो उंचावर असे. नवी पाती मेणकागदात गुंडाळलेली येत, तीही ओलीपासून जपण्यासाठीच. बोथट झालेले पाते पेन्सिलीला टोक काढायला जाई. ही रीत देशभर इतकी रुजलेली होती, की जिलेटने २०१० साली भारतासाठी ‘गार्ड’ हा स्वस्त रेझर काढला, तो वाहत्या नळाशिवाय, पेलाभर पाण्यात सहज धुतला जाईल असाच बेतला.

कोथरूड बदलले ते घरांमुळे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांची वाताहत झाली आणि शहराची वाढ बाहेरच्या भागांकडे वळू लागली. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांच्या आधाराने आधी बंगले, मग गृहरचना संस्थांच्या इमारती उठल्या. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी ही नावे पुण्याच्या तोंडी बसली. १९८३ साली एमआयटी महाविद्यालय सुरू झाले आणि वस्ती आणखी दाटली. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ओसरी नव्हती. बेसिन, नळ, दिवा आणि आरसा एकाच जागी, म्हणजे बाथरूममध्ये, मिळू लागले. दाढी उभ्याने होऊ लागली आणि डब्याची जागा बेसिनवरच्या आरशाच्या कपाटाने घेतली. गीझरची वाफ, काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी आणि तिच्यापलीकडे उजेड न पोचणारी डक्ट अशा खोलीत ते बंद कपाट ओल बाहेर ठेवत नाही, आत कोंडते. सोयीपोटी केलेली ही निवड सामानाला मात्र बाधली.

हा तोटा बराच काळ जाणवला नाही, याला पोलाद कारणीभूत आहे. स्टेनलेस ब्लेडे १९६०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने लोकप्रिय केली. त्यातल्या क्रोमियममुळे पात्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि गंज अडतो. पण दाढीच्या पात्यात कर्बही पुरेसा लागतो, नाहीतर धार टिकत नाही. त्यामुळे हे पोलाद गंजाला पुरते दाद न देणारे नसते. साबणाचा आणि क्षारांचा थर साचला की त्याच्याखाली ओल दबा धरून राहते. खडकवासल्याचे पाणी मृदू आहे, पण बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत हा पांढरा थर लवकर दिसतो. अर्थात सगळा दोष ओलीच्या माथी मारणेही बरोबर नाही. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की केसाच्या आघातानेच धारेचे सूक्ष्म टवके उडतात.

कोथरूडसारख्या वस्तीत खरी परीक्षा होते ती श्रावणात. अनेक घरांत श्रावण पाळतात, म्हणजे महिनाभर दाढी करत नाहीत. वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत सामान न हलवता पडून राहते आणि गणपतीच्या तोंडावर कपाट उघडले की रेझरच्या आट्यांवर तांबूस डाग, ब्रशच्या मुळाशी काळी बुरशी आणि तळाशी पाझरलेली तुरटी सापडते.

सलूनवाल्यांचा प्रश्न दुसऱ्याच वाटेने सुटला. भारतात १९८६ साली एचआयव्हीचे रुग्ण आढळल्यानंतर वस्तऱ्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड घालण्याची पद्धत रुळली. जपायचे पातेच उरले नाही आणि तेलाचे बोटही गेले. घरातल्या कार्ट्रिजच्या रेझरला ही सवलत नाही. त्याची पाती एकमेकींना इतकी खेटून बसवलेली असतात, की ती पुसता येत नाहीत. झटकून, वाऱ्यावर उभा ठेवून वाळवणे एवढाच उपाय उरतो. ट्रिमरची बॅटरी आणि चार्जिंगची पिन यांना तर वाफ मुळीच सोसत नाही.

दाढी बेसिनपाशी करावी, पण सामान तिथे ठेवू नये. रेझर आणि ब्रश वाळेपर्यंत उघड्यावर राहू द्यावेत, मगच डब्यात घालावेत. नवी पाती आणि ट्रिमर बेडरूमच्या कपाटात ठेवावेत. श्रावण पाळायचा असेल, तर आदल्या दिवशी रेझर सुटा करून पुसावा, पात्याला खोबरेलाचे बोट लावावे आणि डबा बाथरूमबाहेर, मुलांचा हात न पोचणाऱ्या फळीवर ठेवावा.