गोदावरीला शीड का नाही?

सातवाहनांची काही शिशाची नाणी आहेत. त्यांच्यावर दोन डोलकाठ्यांचं झकास जहाज कोरलंय. पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी या राजांची ही नाणी, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. आता या सातवाहनांची राजधानी कुठली? पैठण. म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्याच काठी. राजा नदीकाठचा, नाण्यावर जहाज, आणि घरासमोरून वाहणारी नदी थेट समुद्राला जाणारी. मग परभणीच्या गोदावरीत कधी शिडाची होडी का दिसली नाही?

प्रश्न बाळबोध वाटेल. पण मला अशा प्रश्नांची खोड आहे. एखादी गोष्ट का चालते हे सगळेच विचारतात, का चालत नाही हे विचारलं की जास्त मजा येते.

आधी भूगोल उरकून घेऊ. गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असे तालुके ओलांडत जाते. कंठेश्वरला पूर्णा नदी तिला मिळते आणि मग ती नांदेडकडे सरकते. काठावरचे लोक तिला गोदावरी म्हणतच नाहीत, गंगा म्हणतात. म्हणून तर काठची गावं ती गंगथडी, आणि संत जनाबाईंचं गाव ते गंगाखेड. एवढी मोठी नदी, एवढं मानाचं नाव, पण होडीला शीड नाही. नाव होती, ती बांबूने रेटायची किंवा वल्ह्याने मारायची. बस्स.

नाण्यावरच्या जहाजाचा खुलासा सोपा आहे. ही नाणी मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर, आंध्रच्या बाजूला सापडली. म्हणजे ते जहाज समुद्रावरचं, पैठणच्या घाटावरचं नव्हे. पैठणचा माल कसा जायचा, हे 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात सांगितलंय. पैठण आणि तगर (म्हणजे आजचं तेर) इथला माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला न्यायचे. पैठण ते भडोच वीस दिवसांची वाट. दारात नदी असताना वीस दिवस बैलगाडी! लोक वेडे नव्हते. बाजार पश्चिमेला होता आणि नदी पूर्वेला जात होती. पुढेही तेच. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत राहिले, नदीने नाही.

पण हे अर्धं उत्तर झालं. पूर्वेकडे, निदान नांदेडपर्यंत तरी शीड का नको? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. नदीवर शीड चालायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे वर्षभर पुरेल इतकं खोल पाणी, आणि दुसरी म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने वाहणारा वारा. नाईल बघा. ती दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि तिथला वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून दक्षिणेला. जाताना प्रवाहात होडी सोडून द्यायची, येताना शीड उभारायचं. इजिप्तला ही लॉटरीच लागली म्हणायची.

आमच्याकडे बरोबर उलटं. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेला वाहते. तिला भरपूर पाणी असतं ते पावसाळ्यात, आणि पावसाळ्यातला वारासुद्धा पश्चिमेकडूनच. म्हणजे जाताना प्रवाहही ढकलतो आणि वाराही ढकलतो, येताना दोघंही अंगावर! एकदा गेलेली होडी परत कशी आणणार? हिवाळ्यात वारा फिरतो, पूर्वेकडून येतो, पण तोवर नदीतलं पाणी उतरलेलं असतं. आणि वसंतात? फाल्गुन-चैत्रात तर नदी म्हणजे मैलभर वाळू, मध्ये एखादी गुडघाभर धार, आणि खडकांच्या आड राखून ठेवल्यासारखे डोह. त्यात काळा बेसाल्ट मध्येच डोकं वर काढतो. शिडाची होडी बांधणारा माणूस इथे उपाशीच मेला असता.

तरीही एका माणसाने गोदावरीवर जहाजं चालवायचं स्वप्न पाहिलं होतं. सर आर्थर कॉटन. आंध्रात धवलेश्वरमचा बंधारा १८४७ ते १८५२ या काळात बांधणारे हेच. त्यांचं म्हणणं होतं की रेल्वेपेक्षा पाण्याची वाट स्वस्त. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीतून थेट पूर्व किनाऱ्याला न्यावा. योजनेची मुख्य वाट प्राणहिता आणि वर्धा नद्यांची होती, परभणीकडची नव्हती. तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे होते, ते ओलांडायला कालवे आणि बंधारे काढायचं काम हेग नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं.

मराठवाड्याच्या माणसाला दचकवणारी गोष्ट पुढे आहे. १८६० साली इंग्रज आणि निजाम यांच्यात तह झाला. निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना दिला आणि नदीतल्या व्यापारावरची जकात सोडली. त्याच तहात इंग्रजांनी १८५३ साली घेतलेले धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत केले. १८५७ मध्ये निजामाने केलेल्या मदतीची परतफेड हे कारण त्यात होतंच, पण नदीच्या वाटेचा हिशोबही होता. म्हणजे धाराशिव १९४८ पर्यंत निजामाकडे राहिलं, त्याच्या मागे एक धागा न चाललेल्या जहाजांचा आहे. इतिहासात न झालेल्या गोष्टीसुद्धा नकाशे बदलतात ते असे.

आणि जहाजं चाललीच नाहीत. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. कापूस मुंबईच्या बाजूने जायला लागला, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडल्यावर तर मुंबईच युरोपच्या जवळ आली. १८७१ मध्ये गोदावरीचं काम बंद केलं. परभणीचा कापूस मग १९०० च्या सुमाराला मनमाड-हैदराबाद मीटरगेज आल्यावर सेलू, मानवत रोड, परभणी या स्टेशनांवरून निघाला. पुन्हा पश्चिमेकडेच. पेरिप्लसची बैलगाडी आणि निजामाची आगगाडी, दोघींनी नदीला पाठच दाखवली.

मग गंगथडीचा माणूस नदीचं करायचा काय? इथून पुढचा इतिहास राजांचा नाही, त्यामुळे तो नाण्यांवर सापडत नाही. तो वाळूत आणि परसात सापडतो.

वसंत ऋतू म्हणजे नदीकाठच्या भोई मंडळींचा हंगाम. पावसाळ्यात नाव चालवायची, मासे धरायचे, आणि पाणी उतरलं की नदीच्या पात्रातच शेती करायची. या शेताला वाडी म्हणतात. थंडीत उघड्या पडलेल्या वाळूत ओलीपर्यंत चर खणायचे. त्यात शेणखत आणि माती भरायची, बिया टोकायच्या. टरबूज, खरबूज, काकडी, दुधी, कारली. मुळं खाली ओल शोधत जातात, आणि तोवर माणसाने डोक्यावर घागरी वाहून पाणी घालायचं. वारा वाळू उडवतो म्हणून तुऱ्हाट्या-गवताचे आडोसे करायचे. फाल्गुन ते वैशाख फळ निघतं. एकीकडे पाडव्याची गुढी उभी राहते आणि दुसरीकडे वाळूवर टरबुजांचे ढीग लागतात. राखणीला झोपडी, बाजेवर अख्खं कुटुंब. मृगाचा पाऊस आला की नदी सगळं पुसून टाकणार. पुढच्या वर्षी वाळू कुठे पडेल, धार कुठून जाईल, काही सांगता येत नाही. सातबारा नाही, बांध नाही. दरवर्षी नवा नकाशा.

घरची बाग त्याच चालीची. मराठवाड्यातल्या जुन्या घराला परस असायचाच. न्हाणीचं पाणी चर काढून तिकडे सोडलेलं. त्यावर आळू, केळ, एखादा कढीपत्ता, मांडवावर दोडका आणि भोपळा. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला तरी अंघोळ-भांड्यांचं पाणी थांबत नाही, त्यामुळे परस हिरवा राहायचा. 'वेस्ट वॉटर रीसायकलिंग' हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी आज्या ते करत होत्या. आणि भेंडी असेल तर परभणीने तिथेही आपली खूण ठेवलीय. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' नावाचं भेंडीचं वाण काढलं. भेंडीवर पिवळ्या शिरांचा विषाणू रोग येतो, पांढरी माशी तो पसरवते. भेंडीच्या एका रानटी भावंडाशी संकर करून त्या रोगाला टिकणारं हे वाण तयार केलं. ज्यांना परभणी नकाशावर दाखवता येणार नाही अशा कितीतरी लोकांनी परसात परभणी लावलेली आहे!

आता गंमत बघा. याच परसात परभणीची होडी पिकायची. खरंच.

भोपळा वेलीवरच जून होऊ दिला की त्याची साल लाकडासारखी कडक होते. फाल्गुनापर्यंत आतला गर वाळतो, हलवला की बिया खुळखुळतात. असे भोपळे बांबूच्या चौकटीखाली बांधले की झाली सांगड. तिच्यावरून पाणी ओलांडायचं. हिशोब सोपा आहे. दहा लिटर आकाराचा वाळका भोपळा वजनाला किलोभरही नसतो, म्हणजे तो नऊ किलोच्या आसपास भार सहज उचलतो. असे आठ भोपळे बांधले की एक माणूस बसून पलीकडे जातो. पोहताना तर एक-दोन पुरतात, कारण माणसाचं अंग स्वतःच बरंचसं तरंगतं. म्हणूनच गावोगावी पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधायची रीत होती. होडी बांधायला सागवान नको, सुतार नको, शीड तर नकोच. वसंतात वाळवायची, पावसाळ्यात वापरायची. आपण 'सांगड घालणे' म्हणतो ना, दोन गोष्टींचा मेळ बसवणे, त्यातली सांगड ती हीच. जे शीड नदीला मानवलं नाही त्याच्या जागी लोकांनी नदीला मानवेल असं काहीतरी शोधलं.

मग नदीच बदलली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. १०२ टीएमसीचा नाथसागर. डाव्या कालव्याने परभणीत पाणी आणलं, ऊस आणला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खालच्या पात्रात पाणी कधी येणार हे आता पाऊस एकटा ठरवत नाही, दरवाजेही ठरवतात. वर नाशिक-नगरच्या धरणांनी किती अडवायचं यावर २००५ च्या कायद्यानंतरही दर दुष्काळी वर्षी भांडण होतं. आणि परभणी जिल्ह्यात पात्रातच ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, दिग्रस असे बंधारे झाले. पावसाळा सरला की दरवाजे बंद, आणि पाऊस बरा झालेल्या वर्षी मागे मैलोगणती पाणी उभं.

म्हणजे बघा, दोन हजार वर्षांत पहिल्यांदा परभणीच्या गोदावरीत वसंतात शीड उभारता येईल एवढं खोल, शांत पाणी आहे. प्रवाह नाही, त्यामुळे वाऱ्याची तक्रारही नाही. आर्थर कॉटन असते तर खूश झाले असते. पण त्याच पाण्याखाली वाडीची वाळू बुडाली. जिथे बुडाली नाही तिथली बरीचशी ट्रकमध्ये भरून बांधकामावर गेली. पाणी पंपाने उचलून उसाला जातं, आणि पंप त्याचा ज्याच्या नावावर काठाची जमीन आहे. वाडीवाल्याच्या नावावर काय होतं? एक मोसम. त्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती, म्हणून त्याची नुकसानभरपाईही कुठल्याच कागदावर नाही.

होडीचंही तसंच. आज बंधाऱ्यांच्या फुगवट्यात मासे धरायला आणि पलीकडच्या शेतात जायला लोक थर्माकोलचा तराफा वापरतात. तत्त्व भोपळ्याचंच, हलकं काहीतरी बांधा आणि तरंगा. फक्त भोपळा फुटला तर कुजून खत व्हायचा, थर्माकोलचे गोळे नदीतच राहतात. आणि तराफा उलटून माणसं बुडतात. ज्या काठाला पूर्वी वसंतात पायी उतार होता तिथे आता बारा महिने खोल पाणी आहे. पूल मात्र लांब आहे. बंधारा बांधताना किती टीएमसी, किती हेक्टर हे मोजलं गेलं. किती माणसं पलीकडे कशी जाणार हे मोजलं गेलं असतं तर एक सरकारी नाव आणि चार लाइफ जॅकेट एवढाच खर्च होता.

गोदावरीला शीड का नाही याचं उत्तर वारा, खडक आणि बाजार या तीन शब्दांत संपतं. पण ते शोधताना मला जास्त महत्त्वाची वाटली ती दुसरी बाजू. नदी जशी आहे तशी घेऊन जगणारी माणसं इथे होती, आणि त्यांचं शास्त्र परसातल्या एका वेलीवर मावत होतं. यंदा परसात भोपळा लागला तर सगळेच भाजीला तोडू नका, एक वेलीवर वाळू द्या. खुळखुळायला लागला की पोरांना दाखवा, आमच्या जिल्ह्याचं जहाज असं दिसायचं म्हणून.