राष्ट्रीय रेल संग्रहालय, नवी दिल्ली

भारतीय रेल्वेचे चाणक्यपुरीतील संग्रहालय. पायाभरणी १९७१ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते झाली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. जुनी इंजिने शोधून जमवण्यात मायकेल सॅटो या ब्रिटिश रेल्वेप्रेमीचा वाटा मोठा होता. मोठी इंजिने आणि डबे आवारात उघड्यावर, रुळांवरच उभे असल्याने थेट चाकांशी वाकून यंत्ररचना पाहता येते.

संग्रहातील सर्वांत विक्षिप्त वस्तू म्हणजे पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी. रस्त्याच्या कडेला एकच रूळ टाकून त्यावर दोन्ही बाजूंना कडा असलेली बुटकी चाके चालत. गाडी कलंडू नये म्हणून एका अंगाला मोठे चाक असे, ते सरळ रस्त्यावरून धावे. जवळजवळ सगळा भार रुळावर पडत असल्याने बाजूच्या चाकाखालचा रस्ता फारसा खचत नसे आणि दुसऱ्या रुळाचा खर्चही वाचे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर बरेचसे डबे खेचरे ओढत. वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनश्टाइन उंड कोपेल कंपनीची होती. मोटारींपुढे टिकाव न लागल्याने १९२७ मध्ये ही सेवा बंद पडली. इंजिन दुरुस्त करून पुन्हा चालते केले आहे. ते उभे असताना पाहून मात्र त्याची गंमत निम्मीच कळते.

त्याच कंपनीने बांधलेले नेरळ–माथेरान मार्गाचे ७३८ क्रमांकाचे इंजिनही येथे आहे. दोन फुटी रूळ, विसास एक असा चढ आणि कमालीची आवळ वळणे यांसाठी त्याची पुढची-मागची चाके बाजूला सरकतील अशी बसवली आहेत. ताठ आसाचे इंजिन त्या डोंगरात अडकलेच असते. मुंबई–पुणे मार्गावरील ‘सर रॉजर लम्ले’ हे १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणारे विद्युत इंजिन मराठी प्रवाशाने चुकवू नये. १९३० मध्ये सुरू झालेली दख्खनची राणी याच वर्गातील इंजिने ओढत.

गर्दी असते ती राजेशाही सलूनांभोवती. १८७५ चे प्रिन्स ऑफ वेल्सचे, म्हैसूरच्या महाराजांचे आणि बडोद्याच्या गायकवाडांचे अशी सलूने येथे आहेत. आत प्रवेश नाही. काचेला नाक लावून नक्षीकाम पाहावे लागते. बंगाल-नागपूर रेल्वेचे अजस्र गॅरट इंजिन मात्र लांबूनही लक्ष वेधते. मधल्या बॉयलरच्या दोन्ही टोकांना चाकांचे स्वतंत्र संच असल्याने एवढे धूडही वळणावर वाकू शके.

१८५५ मध्ये लीड्सला बांधलेले ‘फेअरी क्वीन’ हे येथील सर्वांत गाजलेले इंजिन. १९९७ मध्ये दिल्ली–अलवर पर्यटनगाडीसाठी ते पुन्हा रुळावर आले. पुढे त्याचा मुक्काम रेवाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये हलला. ते पाहायचे असल्यास आधी चौकशी करून निघावे. संग्रहालय सोमवारी बंद असते.