प्रातःकालीन संगीत आणि निवेदकाची दोन वाक्ये

सकाळच्या प्रहरी आकाशवाणीवरून शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या श्रोत्यांची मते एकत्र केली, तर त्यांत गवयाविषयी जितके सापडेल तितकेच निवेदकाविषयी सापडेल. वरवर पाहता ही गोष्ट चमत्कारिक वाटते. गातो तो गवई. निवेदक गाण्याच्या आधी एक वाक्य बोलतो आणि नंतर एक. परंतु या दोन वाक्यांचा इतिहास पाहिला म्हणजे श्रोत्यांचा आग्रह अकारण नव्हता, हे ध्यानात येते.

रेडिओ येण्यापूर्वी गाणे मैफलीत होते, आणि मैफलीला निवेदक नव्हता. राग कोणता, हे जाणत्याने ओळखावयाचे आणि अजाणत्याने जाणत्याच्या चेहऱ्याकडे पाहावयाचे. कित्येक उस्ताद तर अनवट रागाचे नाव विचारले असता हसून विषय बदलीत. विद्या हे घराण्याचे धन होते आणि रागाचे नाव ही त्या धनाची किल्ली होती. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी ही किल्ली सर्वांच्या हाती देण्याचा उद्योग आरंभिला. १९१६ साली बडोद्यास भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद आणि १९१८ साली ग्वाल्हेरीस निघालेले माधव संगीत विद्यालय ही त्याच उद्योगाची फळे होत. रागांचे थाट, त्यांचे वादी-संवादी स्वर आणि त्यांचा समय यांची पद्धतशीर मांडणी त्यांनी ग्रंथांतून केली. पण ग्रंथ वाचणारे नेहमीच थोडे असतात. १९३६ साली भातखंडे निवर्तले आणि त्याच वर्षी सरकारी नभोवाणीला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. पुढे ग्रंथांतील ज्ञान घरोघरी पोचविण्याचे काम या यंत्राने केले. पहाटे भैरव, मागाहून तोडी, आसावरी आणि दिवस वर आला की सारंग, असे रागांचे घड्याळ हेच नभोवाणीचे वेळापत्रक झाले. ज्यांनी भातखंड्यांचे पुस्तक कधी उघडले नाही, त्यांनाही भैरव सकाळचा, हे निवेदकाने शिकविले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना तर या सोयीचे मोल विशेष होते. बडोद्याच्या फैयाजखाँसाहेबांचे गाणे समोर बसून ऐकण्याचे भाग्य किती जणांना लाभणार? १९५० साली ते कालवश झाले. पण नभोवाणीवरील त्यांच्या गायनाची काही ध्वनिमुद्रणे आजही ऐकावयास मिळतात. बेळगावचा श्रोता १९५० साली सुरू झालेले धारवाड केंद्र आणि १९५३ सालचे पुणे केंद्र यांच्यामध्ये काटा फिरवीत असे. इंदूरला १९५५ साली स्वतःचे केंद्र मिळाले. घराबाहेरची भाषा हिंदी, गुजराती, कानडी वा उर्दू असो. सकाळी तंबोऱ्याचा नाद उमटला की त्या घरात कोणतीच भाषा परकी राहत नसे.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि ते १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. मूळचे पुण्याचे हे गृहस्थ स्वतः संगीताचे अभ्यासक होते. संस्थानिकांचा आश्रय संपल्यावर शास्त्रीय संगीताचा प्रतिपाळ राष्ट्राने केला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला. कलावंतांची ध्वनिचाचणी आणि श्रेणी यांची नवी व्यवस्था अमलात आली. त्या कामी फैयाजखाँसाहेबांचे शिष्य पं. श्रीकृष्ण रातंजनकर यांनी पुढाकार घेतला आणि कलावंतांचा रोषही पत्करला. मात्र चित्रपटगीते नभोवाणीवरून आधी कमी आणि मग जवळजवळ नाहीशी झाली. तेव्हा श्रोत्यांनी आपले मत पत्राने न कळविता बोटांनी कळविले. काटा सिलोनकडे वळला. तेथे सकाळच्या जुन्या चित्रपटगीतांचा शेवट सैगलांच्या गाण्याने होई. अखेर १९५७ साली विविध भारती काढून आकाशवाणीला ही चूक सुधारावी लागली.

गंमत अशी की, १९५२ सालीच 'बैजू बावरा' हा चित्रपट आला. इंदूरचे उस्ताद अमीरखाँ आणि पं. द. वि. पलुसकर यांची त्यातील जुगलबंदी देसी रागात होती. देसी हा सकाळच्या दुसऱ्या प्रहराचा राग. ज्या गाण्यांना नभोवाणीचे दार बंद होत होते, त्यांतीलच एका गाण्याने देसीचे स्वर टांगेवाल्याच्या ओठी नेऊन ठेविले. उणीव होती ती एवढीच, की याचे नाव देसी, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

सकाळच्या श्रोत्यांत यामुळे सरळ दोन तट दिसतात. एक म्हणतो, राग, कलावंत आणि साथीदार यांची नावे सांगा आणि बाजूला व्हा. तंबोरा लागल्यावर शब्द नको. दुसरा म्हणतो, नुसत्या नावाने आमचे भागत नाही. जौनपुरी आणि आसावरी यांत अंतर काय, तेही दोन शब्दांत सांगा. विविध भारतीच्या 'संगीत सरिता' या सकाळच्या कार्यक्रमाने दोघांचेही समाधान करण्याचा मार्ग काढला. रागाची थोडकी ओळख, त्याच रागावर आधारलेले चित्रपटगीत आणि पाठोपाठ मूळ रागाचे गायन वा वादन, अशी त्याची ठेवण. केसकरांच्या काळात ज्या दोन गोष्टींचे वैर मानले गेले, त्या येथे एका पंक्तीला बसल्या.

एका बाबतीत मात्र दोन्ही तटांचे एकमत आहे. बातम्यांची वेळ झाली म्हणून गाणे मध्येच विरत नेणे आणि रागाचे नाव न सांगता पुढे जाणे, याला कोणीच क्षमा करीत नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरी एकदा असेच झाले. रेडिओ लावावयास उशीर झाला, आरंभीचे निवेदन हुकले. शेजारचे काका म्हणाले, ही भैरवी. वडील म्हणाले, स्वर भैरवीचे खरे, पण चाल तोडीची आहे. दोघेही शेवटच्या वाक्याची वाट पाहत चहा निवू देत बसले. आणि ऐन वेळी बातम्या सुरू झाल्या. वडिलांनी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकले. ते केंद्र कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. तीन आठवड्यांनी पत्रोत्तराच्या कार्यक्रमात निवेदकाने दिलगिरी व्यक्त करून नाव सांगितले: बिलासखानी तोडी. भैरवीचे स्वर आणि तोडीची चाल! काकाही अर्धे बरोबर होते आणि वडीलही.

२६ जानेवारी २०१६ पासून आकाशवाणीची 'रागम्' ही शास्त्रीय संगीताची वाहिनी अहोरात्र ऐकता येते. खिशातल्या यंत्रावर मध्यरात्रीही भैरव लागतो. संगीताचा दुष्काळ आता उरलेला नाही. पण त्या यंत्रातून पुष्कळदा गाणे येते आणि नावाविना जाते. रागाचे नाव दडविणारे उस्ताद गेले, आणि त्यांचे काम आता निष्काळजीपणा करू लागला आहे. ज्याला गुरू नाही, मैफल नाही, ग्रंथ नाहीत, अशा श्रोत्याला निवेदकाची ती दोन वाक्ये हीच शाळा असते.

वडिलांनी ते नाव स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहून ठेविले होते. वर्ष संपले, तरी ते पान त्यांनी फाडले नाही.