शिकायला की राहायला?

गेल्या रविवारी पोलादपूरहून भाचा आला. पिशवीत तांदळाच्या पापड्या आणि पापड्यांखाली एक प्लॅस्टिकची फाईल! पापड्या आल्या आल्या बाहेर निघाल्या, फाईल चहानंतर. तेव्हाच ओळखलं, की काम मोठं आहे.

त्याची मुलगी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून इंजिनिअर झाली. तिला अमेरिकेत एम.एस. करायचंय. कर्ज लागणार चाळीस लाखांचं. बँक तारण मागते, शेतजमीन चालत नाही म्हणते, म्हणून पोलादपूरचं घर द्यायचं ठरलंय. घर वडिलांचं, त्यामुळे कागदावर दादाच्या वारसांबरोबर माझंही नाव आहे. म्हणून माझी सही हवी.

"आत्या, तू वाच आणि मग कर," भाचा म्हणाला. फाईल ठेवून गेला.

रात्री मी नातीला फोन केला. विचारलं, "बाळा, शिकायला जातेयस की राहायला?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "आत्याआजी, राहता यावं म्हणून तर तिथे शिकायचं ना!"

खरं बोलली पोर. मला राग नाही आला. गंमत एवढीच वाटली, की अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मागताना खिडकीपलीकडच्या साहेबाला पटवावं लागतं, की शिकून झाल्यावर मी परत जाणार. आणि कर्जाचं गणित मात्र परत येणार नाही असं धरूनच मांडलेलं!

मी काही परदेशी गेलेली बाई नाही. मराठी माध्यमातून बी.ए., आणि पुढे सगळी वर्षं महाडात इतिहास शिकवण्यात गेली. पण इतिहासाच्या मास्तरणीला सवय असते, प्रश्न आला की मागे जाऊन बघायचं. तर मंडळी, तेच केलं.

आमच्या महाडात चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ ला तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीनं पाणी घेतलं, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती ओंजळ त्याआधी कुठे कुठे जाऊन आली होती, हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवायची. १९१३ साली न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. १९१६ ला लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अर्ध्यावर परत. १९२० ला पुन्हा लंडन. १९२३ ला बॅरिस्टरी पदरात घेऊन मुंबई, आणि त्याच वर्षी डी.एस्सी.ही.

हे सगळं कशाच्या बळावर? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. आणि जून १९१३ मध्ये एक करारही झाला होता. शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची! म्हणजे सही तेव्हाही होती. फक्त ती परत येण्याची सही होती.

त्याच १९१३ साली पंजाबातला एक तरुण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. नाव भगतसिंग थिंद (हे आपले हुतात्मा भगतसिंग नव्हेत). आला होता शिकायला. लाकडाच्या गिरणीत राबला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला, आणि मग तिथेच राहायचं म्हणून नागरिकत्व मागितलं. १९१८ ला मिळालं, चार दिवसांत गेलं. १९२० ला पुन्हा मिळालं. १९२३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. थिंदचंच नव्हे, आधी ज्यांना मिळालं होतं अशा कित्येकांचंही काढून घेतलं. थिंदला ते कायमचं मिळालं १९३६ साली, माजी सैनिकांसाठी केलेल्या एका कायद्यामुळे. तेवीस वर्षं!

म्हणजे त्या काळी दारं दोन होती. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातल्या मजुराला अमेरिकेनं बंदी केली, विद्यार्थ्याला मात्र सूट ठेवली. शिका आणि जा. शिकण्याच्या दारातून राहण्याच्या खोलीत जायला वाट नव्हती.

ती वाट कायद्यानं पाडली. १९४६ ला भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण येऊन राहण्याचा कोटा किती? वर्षाला १००! खरी वाट रुंद झाली १९६५ च्या कायद्यानं. माणूस कुठल्या देशाचा यापेक्षा त्याचं शिक्षण आणि तिथले नातेवाईक बघायला लागले. आज तुमच्याआमच्या नात्यात जे कोणी अमेरिकेत स्थायिक आहेत, ते बहुतेक सगळे त्या १९६५ नंतरच्या वाटेनं गेलेले.

पण वाटेवर दरवाजे बसत गेले. १९९० च्या कायद्यानं एच-वन-बी ठरवला. आता त्याची वर्षाची मर्यादा ६५ हजार, आणि तिथेच एम.एस. करणाऱ्यांसाठी वर २० हजार. अर्ज जास्त आले की निवड सोडतीनं होत आली आहे. ग्रीन कार्डात एका देशाला ७ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, म्हणून भारतीयांची रांग लांबच लांब. सप्टेंबर २०२५ मध्ये तर परदेशातून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर भरण्याचा हुकूम निघाला. इंग्लंडनं शिक्षणानंतर नोकरीसाठी राहण्याची सोय २०१२ ला बंद केली, २०२१ ला पुन्हा उघडली. कॅनडानं २०२४ ला विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. मुलगी जाते तेव्हाचा नियम आणि ती पदवी घेते तेव्हाचा नियम एकच असेल, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. सांगणारा एजंट असतो!

इथवर लिहून झाल्यावर मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. सही करायची नाही. "शिकून परत या, बाबासाहेबांसारखं" असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

पण मग तेच वर्ष आठवलं, १९१७. करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला गेले. कोलंबियाचा एम.ए. झालेला माणूस, आणि राहायला गावात खोली मिळेना. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. दहा वर्षांचा करार, पण बडोदा सोडून मुंबईला यावं लागलं. या आणि अशा अनुभवांवर त्यांनी पुढे एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसाची वाट बघत! न्यूयॉर्कच्या नव्हे हो, स्वतःच्या देशातल्या.

आणि आमचं महाड तरी काय? इथल्या नगरपालिकेनं १९२४ लाच ठराव करून तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. ठराव कागदावर राहिला. त्यावर हक्क बजावायला तीन वर्षांनी बाहेर शिकून आलेला माणूस यावा लागला, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

त्याच काळात आमच्याच तालुक्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला शिकत होते. १९१८ ला आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले, परतले ते थेट साहेबाच्या खुर्चीवर, आणि १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. दोघेही हुशार, दोघेही परतले. एकासाठी इथे खुर्ची मांडलेली होती, दुसऱ्याला खोलीही मिळाली नाही. तेव्हा "परत या" म्हणणं सोपं आहे. कशासाठी परत या, हेही सांगावं लागतं. आमच्या पोलादपुरात माझ्या नातीला तिच्या शिक्षणाची नोकरी आहे का? नाही. तिला पुण्याला तरी जावंच लागणार.

आता घराविषयी. माझा दादा पोलादपूरहून मुंबईला गिरणीत गेला होता, आपल्याकडच्या घराघरातून जात तसा. १९८२ च्या संपात गिरणी गेली. दादा ट्रंक घेऊन परतला तेव्हा त्या घराचं दार उघडं होतं. उधारीवर, भातावर दिवस काढले, पण भाडं मागायला कोणी आलं नाही. २०२१ च्या जुलैत महाडच्या पुरात माझ्या घरात पाणी शिरलं. चिखल निघेपर्यंत मीही तिथेच जाऊन राहिले. जाणारा कधीतरी हरतो, आणि हरलेल्याला टेकायला ते घर आहे. तेच तारण ठेवायचं म्हणताहेत.

म्हणून नातीला बोलावलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली, माझ्या जुन्या सवयीनं. डावीकडे लिहिलं, 'राहायला मिळालं तर'. उजवीकडे, 'परत यावं लागलं तर'. डावी बाजू तिनं पाच मिनिटांत भरली. उजवीकडे आकडा मांडायला लावला. ४० लाख, ११ टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता आला सुमारे ५५ हजार रुपये. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. "पुण्यात सुरुवातीला पगार किती मिळेल?" मी विचारलं. तिनं पेन खाली ठेवलं.

मग तिनंच उलटं गणित केलं. उजव्या बाजूला २० लाखांवर हप्ता साडेसत्तावीस हजार येतो. ओढाताण होईल, पण घर जाणार नाही. एवढ्यात कुठे शिकता येईल, ते आता ती शोधतेय. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं म्हणे, वर्षाच्या खर्चाचे पैसे मात्र आधी खात्यात दाखवावे लागतात. परवापासून ती जर्मन भाषेच्या ऑनलाइन शिकवणीला बसलीय. भाचा जरा घुश्शात आहे. त्याच्या डोक्यात अमेरिकाच बसलीय.

मी दोघांना एवढंच सांगितलं. शिक्षण आपल्या हातात आहे, राहणं त्या देशाच्या मर्जीवर. राहता आलं नाही तरी ज्या शिक्षणाचं मोल फिटेल, त्यासाठी मी डोळे मिटून सही करीन. आणि राहायला मिळालं तर राहा बाई, खुशाल राहा. पाप नाही ते. थिंदनं तेवीस वर्षं वाट बघितली, त्यालाही कोणी नावं ठेवू नयेत.

फाईल अजून माझ्या कपाटात आहे. पापड्या मात्र संपल्या.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी सही झाली असेल, तर जरूर लिहा. आणि अमेरिकेतल्या भाचरांनो, तुमच्या उजव्या बाजूच्या रकान्यात तेव्हा काय लिहिलं होतं, तेही सांगा!